पिवळ्या शाईतला मामा

पिंपरी पेंढार,
तुळशीच्या लग्नाआधीचा सोमवार

माझा धाकटा भाऊ चिरंजीव गेणू यास थोरली बहीण साळूचा आशीर्वाद. तू रागात असलास तरी आशीर्वाद ठेवून घे, आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टानं अजून काढलेली नाय. इकडं आमी सगळी बरी आहोत. थंडी पडली की माझा गुडघा बोलायला लागतो, पण तो निदान बोलतो, काही माणसांसारखा तोंड शिवून बसत नाय. तुझी तब्येत कशी आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला सगळं लख्ख दिसतं, रंग तर दुकानातल्या नव्या लुगड्यांसारखे दिसतात, असं बायडाबाई फोनवर सांगत व्हती. (फोन तिनंच उचलला. तू मळ्यात गेलास म्हणाली. तिच्या मागं जो माणूस खोकत व्हता तो जर मळ्यात असेल, तर घोडेगावचा तुझा मळा आता तुझ्या पडवीत आलेला दिसतो.) कांद्याचं रोप कसं आहे, गाय व्याली का, हे पण विचारते, कारण तू माझ्याशी बोलत नसलास तरी गायीनं माझं काय घोडं मारलंय?

फोन घेत नायस म्हणून हे पत्र. माझ्याच हातानं लिहितेय. अक्षराला हसू नकोस. मला तिसरीतनं काढलं ते तुला कडेवर घेऊन फिरायला काढलं, तेव्हा माझ्या अक्षराची जी काय दशा आहे तिच्यात निम्मा वाटा तुझ्या वजनाचा आहे. तान्हेपणी पण तू असाच. मांडीवरनं खाली ठेवलं की तोंड फुगवायचास, आन ते उतरायला गूळ लागायचा. आता तुला साखर चालत नाय, नायतर हे एवढं लिहायच्या ऐवजी गुळाची ढेपच पाठवली असती.

तर त्या दिवसाचं सांगते. आळेफाट्याच्या कार्यालयात माझ्या नातीचा, रामदासच्या आरतीचा साखरपुडा झाला. तू पहिल्या खुर्चीवर बसला व्हतास, कडक इस्त्रीचं धोतर नेसून. रामदासचा मामा म्हणून पहिला मान तुझा, पण माईकवर पुकारला तो तुझा नाय. पुकारलं गोरखचं नाव. आमचा बांध खाणारा तो बांधावरचा गोरख. आन तुझ्यासाठी जुन्नरच्या पेठेतनं आणलेला केशरी फेटा माझ्या पोटच्या पोरानं, रामदासनं, तुझ्या डोळ्यांदेखत त्याच्या डोक्याला बांधला. इथपर्यंत तू गावभर सांगतोस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पुढं तू सांगतोस की, ‘अक्कानं हे मुद्दाम केलं.’ ते खोटं आहे. मला मुद्दाम करायचं असतं तर मी याच्यापेक्षा लई चांगलं केलं असतं, हे तुला माहीत पायजे.

मानाचं काम कसं नाजूक असतं ते तुला सांगायला नको. जेवणात मीठ कमी पडलं तर लोक मागून घेतात. मान कमी पडला तर मागत पण नायत आन विसरत पण नायत. म्हणून मी रामदासला म्हटलं, सगळं आधी लिहून काढू. तेवढ्यात आपला आदेश पुण्याहून आला. (आरतीचा भाऊ. काम्पुटरवर काम करतो. काय काम करतो ते मी विचारलं, त्यानं सांगितलं, आन मी त्याच्यासाठी चहा टाकायला उठले.) त्याच्याकडं काचेची पाटी आहे. तिच्यावर पेनानं लिहायचं, पण शाई लागत नाय, आन पुसायला थुंकी लागत नाय. त्या पाटीच्या पोटात म्हणे वह्याच्या वह्या मावतात. तो म्हणाला आजी तू सांगत जा, मी लिहितो. मी सांगत गेले. साध्या टोपी-टॉवेलाची माणसं काळ्या रंगात, नवऱ्याकडची ओतूरची मंडळी निळ्यात. मग माझं माहेर आलं. त्यानं विचारलं, आता कुठला रंग? मी म्हटलं, हळदीचा. कार्यात सगळ्यात आधी हळद, मग बाकीचं जग. त्यानं पिवळी शाई घेतली आन तुझं नाव घातलं, वर तुझ्या नावाभोवती एक फूल पण काढलं. मी म्हटलं फूल कशाला रे, माणूस काय एवढा फुलासारखा नाय. पण काढलंय तर राहू दे म्हटलं.

आता गोरख त्या पानावर कसा आला ते ऐक. रामदासनं आधीच एका नव्या पानावर त्याचं नाव काळ्या रंगात घालायला लावलं व्हतं, शेजारधर्म म्हणून. मी ते पाहिलं आन म्हटलं, ज्यानं आपला बांध हातभर खाल्ला त्याला आपण टोपी घालायची? त्यानं आपल्याला घातली तेवढी बास झाली. खोड. आदेशच्या पेनात तेव्हा पिवळी शाई चालू व्हती. त्यानं पिवळ्यानं खोडलं. चांगलं आडवं-उभं खोडलं, मी समोर बसून खोडून घेतलं. मग तो तुझं नाव घालायला दुसरं पान उघडायला लागला, तर मी म्हटलं एक रेघोटी मारली म्हणून अख्खं पान वाया घालवतोस? यालाच वापर. (त्या पाटीत पानं कधी सरत नायत हे मला मागाहून कळलं. पण सवय ती सवय. पाठकोऱ्या कागदावर अख्खा संसार केलेली मी बाई.) म्हणून त्याच पानावर वर मोठ्या काळ्या अक्षरात लिहिलं, ‘पहिला मान, केशरी फेटा’. त्याच्या खाली तू, पिवळा, फुलासकट. तुझ्या खाली गोरख, काळा, पण पिवळ्यानं खोडलेला. काचेवर बघायला लई साजरं दिसत व्हतं. डोळे असलेल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं कोण आत आन कोण बाहेर.

पण ते वाचणार व्हता चिमाजी. माईकवाला चिमाजी तुला माहीत आहे, सगळ्या पंचक्रोशीचे मान-अपमान त्याच्याच तोंडून होतात. त्याच्या फोनात आदेशची ती वही उघडेना. आदेश म्हणाला, वहीचं कुलूपच निराळं आहे, पण प्रत्येक पानाचं चित्र केलं तर चित्र कुठं पण उघडतं. बरं, कर. तर रंगीत चित्रं जड झाली. आमच्या गावची रेंज तुला माहीत आहे, ती लिंबाच्या झाडापर्यंत येते आन तिथंच सावलीला बसते. जड चित्रं काय जाईनात. मग हा गडी मांडी ठोकून बसला. म्हणाला, एकेक पान कोण करत बसणार, मी प्रोग्रामच लिहितो, सगळी पानं एकदम काळी-पांढरी होतील, हलकी होतील, भुर्रकन जातील. काळ्या पडद्यावर त्यानं मुंग्यांची रांग लावावी तशी अक्षरं लावली. मी विचारलं हे करतं तरी काय? तर म्हणाला आजी, हे पान म्हंजे बारीक बारीक दाणे आहेत असं समज, बाजरीपेक्षा पण बारीक. माझा प्रोग्राम एकेक दाणा बघतो. गडद असला तर काळा करून टाकतो, उजळ असला तर पांढरा करून टाकतो. मी म्हटलं मधला असला तर? तर म्हणाला, मधलं काय ठेवायचंच नाय, एक खूण ठरवायची, तिच्या अलीकडचं काळं, पलीकडचं पांढरं.

मला तेव्हाच शंका यायला पायजे व्हती. अरे, चाळणीला पण दया असते. तिच्यात अडकलेला दाणा ती तसाच ठेवते, मग आपण नखानं काढून ठरवतो आत का बाहेर. आन हे यंत्र सावळं, निमगोरं, गव्हाळ असलं काय ओळखतच नाय. तुझं लग्न जमवताना मध्यस्थानं बायडाबाईला गव्हाळ म्हणून सांगितलं व्हतं, आठवतं का? या यंत्रानं तिला एक तर विलायतेची मडम केली असती नायतर तव्याचं बुड. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर गव्हाळ तू म्हणाला व्हतास, मी नाय.) पण आदेशनं पहिलं पान करून दाखवलं, ते ओतूरकरांचं निळं पान व्हतं, ते झकास काळंभोर आलं. आमी सगळ्यांनी वा वा केली. शितावरून भाताची परीक्षा केली खरी, पण खालचा भात निराळ्या तांदळाचा निघाला. पिवळा रंग त्या यंत्राच्या हिशोबी उजळ. उजळ म्हंजे पांढरा. म्हंजे कागदाचाच. तू, तुझं फूल, आन गोरखच्या नावावरची माझी सगळी खोडाखोड, एका फुंकरीसरशी कागदात विरघळली. राहिलं काय? ‘पहिला मान, केशरी फेटा’, आन त्याच्या खाली एकटा गोरख, सदऱ्याला डाग नसल्यासारखा.

चिमाजीनं वाचलं. माईकवर गेलेलं नाव आन तोंडातनं गेलेला पानाचा रस परत येत नाय. मी आतल्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यात बसले व्हते. नाव ऐकून बाहेर आले तोवर रामदासनं पहिला वेढा घातला व्हता. (त्याला मागाहून विचारलं तुला डोळे नव्हते का? तर म्हणतो मला वाटलं तू ऐन वेळी मन मोठं केलंस. माझ्याबद्दल असले भलते समज घरातच आहेत, बाहेरच्याला काय बोलू.) आन नुसतं एवढंच झालं असतं तर चाललं असतं. माझी नणंद झुंबरबाई. तिच्या नावापुढं आदेशनं मी बोलले ते सगळंच लिहून ठेवलं व्हतं, आन ते काळ्या शाईत. मग चिमाजीनं खणखणीत आवाजात पुकारलं, झुंबरबाई यांना साडी, मागच्या खेपेला त्यांनीच नाक मुरडून परत केलेली. अख्ख्या कार्यालयानं ऐकलं. माझं चांगलं बोललेलं तेवढं यंत्रानं पुसलं आन वाईट बोललेलं तेवढं ठळक केलं. तशी माणसं मी लई पाहिलीत, पण यंत्र पहिल्यांदाच पाहिलं. झुंबरबाईनं साडी मात्र या खेपेला ठेवून घेतली. तुझ्यापेक्षा ती शहाणी.

तू उठलास. वहाणा घातल्यास, बायडाबाईला खूण केलीस आन फटफटीला लाथ मारलीस. आदेश बिचारा ती पाटी घेऊन तुझ्या मागं फाट्यापर्यंत पळाला, की आजोबा बघा, तुमचं नाव आहे, पिवळ्यात आहे, फूल पण आहे. पण भर उन्हात काचेवर काय दिसतंय कपाळ! तुला दिसलं ते तुझंच तोंड, आन म्हणे ते पाहून तू आणखीच भडकलास. (त्यात तुझी चूक नाय. रागात तुझं तोंड बघवत नाय हे मी लहानपणापासून सांगत आलेय.) वर निरोप काय ठेवलास, तर आता तुमच्या दारात माझं मढं पण येणार नाय. अरे, मढ्याला बोलावतंय कोण? लग्नात जिवंत माणसं लागतात.

इकडचे हाल ऐक. गोरख तो फेटा काढायलाच तयार नाय. ट्रॅक्टरवर बसतो तर फेटा, पाण्याची मोटर चालू करायला जातो तर फेटा. लांबनं बघितलं की वाटतं आमच्या बांधावर कोण सरदार उतरलाय. त्याला वाटतं आमी सगळं पोटात घातलं. रोज सकाळी दारात येऊन काकू, काय हवं-नको विचारतो. फ्लॉवर आणून टाकतो. फ्लॉवर खाऊन खाऊन घरातल्यांची पोटं धरली. बांध व्हता तिथंच आहे, हातभर काय बोटभर पण मागं सरकलेला नाय. पण आता भांडायला गेले की तो फेट्याला हात लावून हसतो, आन मला शिवी आठवत नाय. एवढी वर्षं खत-पाणी घालून वाढवलेलं भांडण, काळ्या-पांढऱ्याच्या त्या प्रोग्रामनं एका दुपारी बुडवलं. तुझ्याशी असलेलं गोड नातं नासलं आन त्याच्याशी असलेलं कडू भांडण नासलं. माझं दोन्हीकडून नुकसान.

आदेश दोन वेळचं जेवला नाय. मग परत त्या मुंग्यांच्या रांगेत शिरला आन प्रोग्राम दुरुस्त केला. आता ते आधी रंग बघतं, पिवळा दिसला की त्याला काळा करतं, मग पुढचं. तुझं नाव आता काळंकुट्ट येतं, फूल तर असं येतं की जणू डांबराचं. म्हणाला हे चित्र गेणूआजोबांना पाठवतो, पुरावा म्हणून. मी नको म्हटलं. रुसलेल्या माणसाला पुरावा देऊ नये, त्यानं तो खोटा पडतो आन मग खरंखुरं रुसतो.

पण एक सांगते, यंत्राला नावं ठेवून झाल्यावर मी जरा तुझा पण विचार केला. ते दाण्याकडं बघून ठरवतं, काळा नायतर पांढरा, मधलं काय ठेवत नाय. तू तरी निराळं काय केलंस? कडेवरचं, मांडीवरचं, रामदासच्या बारशापासून आजपर्यंतचं सगळं तुझ्याकडं लिहिलेलं व्हतं. एक नाव पुकारायचं राहिलं, आन तू ते सगळं पांढरं करून फटफटीवर बसलास. आदेशचा प्रोग्राम एका दिवसात दुरुस्त झाला. तुला किती दिवस लागतात ते बघते. माहेर म्हणून आता तुझ्याशिवाय मला दुसरं कोण आहे, असलं काही मी लिहिणार नाय. असलं लिहायला मला सुचत नाय, आन सुचलं तरी वाचताना तू नाक ओढत बसशील. मांडव तुळशीच्या लग्नानंतरच्या शुक्रवारी आहे, लग्न शनिवारी. यायचं का नाय ते तुझं तू ठरव, मी आग्रह करत नाय.

बायडाबाईला आशीर्वाद, गायीला गोंजारणं.

तुझी अक्का,
साळूबाई

ता. क. तुमी त्या दिवशी उपाशी गेलात म्हणून मला दोन दिवस घास गोड लागला नाय. मग वाढप्यांकडनं कळलं की बायडाबाईनं वहाणा घालायच्या आधी माझा मोठा स्टीलचा डबा भरून मासवड्या आन किटलीभर रस्सा घेतला. राग राग म्हणून गेलात ते निदान जेवणावरचा राग नव्हता, बरं वाटलं. किटली राहू दे, डबा मात्र परत पायजे. त्याच्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे, ते कुठल्या यंत्रानं जात नाय, तेव्हा आमचाच म्हणू नका. आन डबा रिकामा परत करू नये एवढी रीत बायडाबाईला ठाऊक आहे.

आणखी एक, विसरतच व्हते. मांडवाच्या डहाळ्यांत उंबराची डहाळी आमच्या घरात कायम तुझ्या विहिरीवरच्या उंबराची आलीय. आपल्या बापानं, अण्णांनी लावलेल्या. रामदासच्या लग्नात तूच आणलीस, बैलगाडीत उभा राहून, आन वेशीत गाडीतनं पडलास पण डहाळी सोडली नाय. आरती हटून बसलीय की उंबर येईल तर गेणूआजोबांच्या हातचा, नायतर मांडवच नको. मी तिला म्हटलं नसते हट्ट करू नकोस, उंबर काय कुठं पण मिळतो. तर हे बाहेर ऐकून गोरख म्हणाला, काकू, काळजी करू नका, मी आणतो, ट्रॅक्टर सजवतो, पुढं वाजंत्री लावतो, फेटा तर डोक्यावर आहेच. त्याच्या रानात पण उंबर आहे. कुठल्या बांधावर ते तुला माहीत आहे. आता माझ्या घरचा मांडव अण्णांच्या उंबरानं उभा राहायचा का त्या बांधावरच्या, याचा विचार तू तुझ्या पडवीतल्या मळ्यात बसून कर. नवा केशरी फेटा आणून ठेवलाय. रामदासनं तो एका खोक्यावर बांधून बघितलाय, नीट बसतो, पण डोकं त्या खोक्यापेक्षा जरा मोठं लागेल.

हे शेवटचं. हे पत्र लिहून झालं तर आदेश म्हणाला, आजी, याचा फोटो काढून गेणूआजोबांना आत्ता पाठवतो, काळं-पांढरं करून, लगेच जाईल. मी त्याच्या हातातनं ओढून घेतलं. पत्राच्या चारी कोपऱ्यांना मी हळद लावलीय. कोपरे उलगडून बघ. लग्नाच्या पत्रिका अजून छापून आल्या नायत, हीच पहिली, आन ती तुझी. यंत्राला ती दिसणार नाय म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती पाठवतेय. तुझ्या डोळ्यांत एवढं नवं भिंग बसवलंय. पिवळं दिसत नाय असं आता तुला म्हणता येणार नाय.